मागच्या रांगेतून पोडियमवर

१९८० मध्ये कंडक्टर जॉर्ज सोल्टी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा'चं ध्वनिमुद्रण करत होते. या रचनेचा दुसरा भाग एकटा साइड ड्रम सुरू करतो. ड्रमच्या खालच्या तारा सोडवून ठेवायच्या असतात, त्यामुळे नेहमीची चरचर न येता कोरडा, लाकडी आवाज येतो. तालमीत ड्रमवादकाने हा भाग सोल्टींच्या अपेक्षेपेक्षा बराच जलद सुरू केला. सोल्टींनी कारण विचारलं, तर वादकाच्या पानावर मिनिटाला ९४ मात्रा छापलेल्या होत्या. सोल्टींच्या हातातल्या स्कोअरवर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या प्रतीवर, होत्या ७४. पुढे मूळ हस्तलिखित तपासलं गेलं आणि ९४ हाच आकडा खरा निघाला. सोल्टी स्वतः बुडापेस्टच्या लिस्ट अकादमीत शिकलेले, बार्टोकला ओळखणारे. तरी छापखान्याची ती चूक त्यांच्याही हाताखालून निसटली होती.

७४ च्या लयीत एक मात्रा ०.८१ सेकंदांची होते, ९४ च्या लयीत ०.६४ ची. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण या भागात बासून, ओबो, क्लॅरिनेट, बासरी आणि ट्रंपेट जोडीजोडीने येतात आणि खेळतात. ७४ वर तो खेळ रेंगाळतो.

त्या ड्रमवादकाचं नाव गॉर्डन पीटर्स. १९५९ ते २००१ ते शिकागो सिंफनीत होते, तालवाद्य विभागाचे प्रमुख म्हणून. ते कंडक्टरही होते. शिकागो सिंफनीशी जोडलेला जो तरुण वादकांचा सिव्हिक ऑर्केस्ट्रा आहे, त्याचं संचालन आणि कारभार त्यांनी अनेक वर्षं सांभाळला. रॉचेस्टरच्या ईस्टमन शाळेत शिकताना त्यांनी मरिंबावादकांचा एक समूह उभा केला होता, आणि कंडक्टिंग शिकायला ते मेन राज्यातल्या हँकॉक गावी प्येर माँत्यू यांच्याकडे जात. अमेरिकेतल्या तालवादकांच्या 'पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी'चे पहिले अध्यक्षही तेच. गाजलेल्या कंडक्टरांच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही, पण तालवादक कंडक्टर होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला मला त्यांचं उदाहरण सर्वांत उपयोगी वाटतं. कारण ते दोन्ही कामं एकाच वेळी करत राहिले.

सर्वसाधारण समज असा की कंडक्टर पियानोवादकांतून किंवा व्हायोलिनवादकांतून येतात आणि मागे झांजा वाजवणारा माणूस तिथे पोचला तर तो अपवाद. माझं मत वेगळं आहे. कंडक्टरच्या कामाचा जवळजवळ अर्धा भाग मागची रांग आपोआप शिकवते. उरलेला अर्धा ती अजिबात शिकवत नाही आणि तो वेगळा, मुद्दाम, बरीच वर्षं घालवून शिकावा लागतो. ज्यांचं जमलं, त्यांनी हा दुसरा अर्धा भाग कसा भरून काढला हेच बघण्यासारखं आहे.

आधी पहिला अर्धा.

टिंपनी, म्हणजे सुरात मिळवायचे मोठे नगारे, कंडक्टर उभा राहतो त्या पोडियमपासून साधारण १२ ते १५ मीटर मागे असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १५ मीटर यायला त्याला ४४ मिलिसेकंद लागतात. टिंपनीवादकाला पुढच्या व्हायोलिन्स तेवढ्या उशिरा ऐकू येतात. त्या आवाजाला धरून त्याने ठोका दिला, तर तो ठोका पुन्हा पुढे पोचायला आणखी ४४ मिलिसेकंद, एकूण ८८. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची असते. म्हणजे पाव मात्रेचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग हातातून गेला, आणि वादकाच्या कानाला मात्र सगळं बरोबर वाटतं आहे. म्हणून मागच्या रांगेत पहिली शिकवण अशी की बॅटन (कंडक्टरच्या हातातली काठी) आणि कॉन्सर्टमास्टरचा, म्हणजे पहिल्या व्हायोलिन्सच्या प्रमुखाचा, गज यांच्याकडे बघून वाजवायचं, कानाकडून फक्त पडताळा घ्यायचा. बऱ्याच जर्मन ऑर्केस्ट्रांमध्ये तर आवाज मुळात बॅटनच्या ठोक्यानंतर जरा उशिराने उमटतो. तिथे मागच्या वादकाला 'किती उशिराने' याचा अंदाजही मनात धरावा लागतो.

हे सगळं अंगात मुरलेला माणूस पोडियमवर गेला की 'मागे पडताय' असं ओरडत नाही. त्याला ठाऊक असतं की बॅटन खाली येण्याआधीची जी वर जाणारी हालचाल असते, तिच्यातच लय दिसली पाहिजे. ती अस्पष्ट असेल तर मागच्या माणसाला कानावर विसंबण्यावाचून इलाज राहत नाही, आणि मग वरचा हिशोब लागू होतो.

दुसरी गोष्ट मोजण्याची. ब्रकनरच्या सातव्या सिंफनीत झांजेचा एकच ठोका आहे, दुसऱ्या भागाच्या शिखरावर, तोही वाजवावा की नाही यावर अजून वाद आहेत. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीतही झांज एकदाच, शेवटच्या भागात, आणि तीही मोठ्याने नाही. तोवर तो वादक काय करत असतो? मोजत असतो. पानावर जाड आडवी रेघ आणि तिच्यावर ४७ असा आकडा असेल, तर ४७ बार, म्हणजे तालाची ४७ आवर्तनं, गप्प. मोजायची पद्धत ठरलेली आहे: प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर त्या बारचा क्रमांक म्हणायचा, एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. पण नुसत्या आकड्यांवर कोणी अनुभवी वादक राहत नाही. तो पेन्सिलीने खुणा करतो: ३१ व्या बारला ट्रंपेट येतं, ४० व्याला चेलोंचं उतरतं सुरू होतं. तालमीत जागा सांगायला पानावर छापलेली अक्षरं जिथे येतात तिथे मोजणी नव्याने धरतो. मोजणी चुकते ती ठरावीक ठिकाणी. फर्माटा, म्हणजे कंडक्टर मनाला येईल तितका वेळ थांबतो ती जागा. तालाचं माप बदलतं ती जागा. आणि तालमीत कंडक्टर मधूनच कुठून तरी सुरू करतो ती वेळ.

या खुणा जमवत जमवत तो वादक नकळत पूर्ण रचनेचा नकाशा पाठ करतो. दुसऱ्या व्हायोलिनच्या वादकाला आपली ओळ अखंड वाजवायची असते, त्याला इतरांचं ऐकायला तेवढी फुरसत नसते. झांजवाल्याला भरपूर असते. कुठे ओबो बुजतो, कुठे ट्रॉम्बोन सगळ्यांवर चढतात, कुठे ऑर्केस्ट्रा दर वेळी पळतो, हे त्याला हंगामागून हंगाम ऐकून कळलेलं असतं.

विभागप्रमुखाला याहून पुढचं काम असतं, आणि त्याबद्दल बाहेर फारसं बोललं जात नाही. माहलर किंवा स्ट्राविन्स्कीच्या मोठ्या रचनेत तालवाद्यं पंधरा असू शकतात आणि माणसं पाच. कोणी काय वाजवायचं याचा तक्ता प्रमुख करतो. त्यासाठी पूर्ण स्कोअर घेऊन बसावं लागतं: ग्लॉकनश्पील वाजवणारा सहा मात्रांत ट्रँगलपर्यंत पोचेल का, बेस ड्रम आणि टॅमटॅम एकाच ठोक्याला असतील तर दोन माणसं मोकळी आहेत का, काठ्या बदलायला दोन बार मिळतात का. बाजूच्या लहान टेबलावर जाड टॉवेल अंथरलेला असतो, नाहीतर शांत जागी काठी ठेवल्याचा खटका शेवटच्या रांगेपर्यंत जातो. हा तक्ता करणं म्हणजे स्कोअरचा अभ्यासच. पीटर्स हे काम अनेक दशकं करत होते.

तिसरी गोष्ट स्वर. टिंपनी हे तालवाद्य असूनही सुरात मिळवावं लागतं, हे तबला माहीत असलेल्या आपल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. फरक असा की तबला मैफलीभर सहसा एकाच सुरात ठेवतात, टिंपनीचे सूर रचना चालू असतानाच बदलावे लागतात, तेही आजूबाजूला साठ-सत्तर माणसं वेगळ्याच स्वरात वाजवत असताना. नेहमीचा संच चार टिंपनींचा: ३२, २९, २६ आणि २३ इंच व्यासाच्या. प्रत्येकीचा उपयोगी पल्ला साधारण पंचमाएवढा. २९ इंचीचा एफ ते सी, २६ इंचीचा बी फ्लॅट ते एफ. पल्ल्याच्या अगदी तळाला पान, म्हणजे नगाऱ्याच्या तोंडावरचं ताणलेलं आच्छादन, ढिलं पडतं आणि आवाज फडफडतो, म्हणून बेथोवेनच्या नवव्या सिंफनीतल्या स्केर्झो या जलद भागासाठी दोन एफ लावताना खालचा एफ अनेक वादक २९ ऐवजी ३२ इंचीवर घेतात.

सूर बदलायची रीत अशी. पुढचा स्वर आधी मनात पक्का करायचा, तोही सध्या वाजत असलेल्या एखाद्या स्वरापासून अंतर मोजून. मग वाकून कान पानाजवळ न्यायचा, बोटाच्या टोकाने कडेजवळ अगदी हलकी टिचकी द्यायची आणि पेडल दाबत स्वर खालून वर आणायचा. वरून खाली आणलेला स्वर पुढच्या दोन जोरदार ठोक्यांत आणखी घसरतो, कारण पानाचा ताण कडेवर सगळीकडे सारखा बसलेला नसतो. कडेला स्वर दाखवणारा काटा असतो, पण तो अंदाजापुरता. चामड्याच्या पानावर तर त्याचा भरवसा धरताच येत नाही. हवा दमट झाली की पान सैलावतं आणि सूर उतरतो, मंचावरच्या दिव्यांनी सुकलं की चढतो.

एकाच ठोक्यात दोन स्वर ऐकू आले किंवा आवाज लहरत गेला, तर दोष पेडलचा नसतो, पानाचा ताण असमान झालेला असतो. कडेभोवती सहा किंवा आठ खिळे असतात. प्रत्येक खिळ्यासमोर, कडेपासून सुमारे १० सेंटीमीटर आत टिचकी मारून ऐकायचं, जिथे स्वर उतरलेला असेल तो खिळा एका वेळी फार तर एक अष्टमांश फेरा आवळायचा, मग समोरचा तपासायचा. एकदम अर्धा फेरा दिला की सगळ्या पानाचं गणित बिघडतं आणि पहिल्यापासून सुरुवात. वाजवायची जागाही तीच, कडेपासून १० सेंटीमीटरच्या आसपास. मध्यावर नुसता धप्प आवाज येतो, स्वर नाही.

आता या तिन्ही गोष्टी एकत्र आलेली एक जागा बघू. बेथोवेनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची सुरुवात, १८०६ ची रचना. सगळा ऑर्केस्ट्रा गप्प. टिंपनी एकटी, हळू आवाजात, डी स्वरावर चार सारखे ठोके देते. पाचवा ठोका दुसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेवर, आणि त्याच क्षणी ओबो व इतर लाकडी सुषिर वाद्यं येतात. दहाव्या बारला पहिल्या व्हायोलिन्स हाच ठोका डी शार्पवर (डीच्या अर्धा स्वर वर) घेतात, म्हणजे टिंपनीचा स्वर जराही चढा असेल तर त्या धक्क्यातली धार बोथट होते.

पण इथे लय नेमकी कोणाची? कंडक्टर एक तयारीची हालचाल देतो, वादक पहिला ठोका वाजवतो. त्या एका हालचालीतून वादकाने जी लय वाचली, तीच पुढची पंचवीसेक मिनिटं टिकायची आहे. फार मऊ काठी घेतली तर ठोक्याला तोंड राहत नाही आणि ओबोवाल्यांना पाचवा ठोका पकडता येत नाही. फार कडक घेतली तर तो हुकूम वाटतो. डाव्या-उजव्या हाताचे ठोके एकसारखे येत नसतील तर काही वादक सगळे एकाच हाताने वाजवतात. कंडक्टरने चारही मात्रा मोठमोठ्या दाखवल्या, तर ठोके प्रत्येक वेळी जरा वजनदार होत जातात. ज्याने ही जागा मागे उभं राहून वाजवली आहे, तो पोडियमवर तयारीची हालचाल देतो आणि मग हात जवळजवळ स्थिर ठेवून वादकाला वाजवू देतो. हे कोणत्याही पुस्तकातून शिकण्यापेक्षा मागून एकदा वाजवून लवकर कळतं.

सायमन रॅटल यांचं नाव इथे यायलाच हवं. जन्म १९ जानेवारी १९५५, लिव्हरपूल. लहानपणी पियानो आणि तालवाद्यं. मर्सीसाइड यूथ ऑर्केस्ट्रा आणि नंतर नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रात ते तालवादक होते. पण त्यांनी वाट बघितली नाही. विशीच्या आतच मित्रमंडळी जमवून स्वतः कंडक्ट करायला सुरुवात केली. १९७१ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकमध्ये गेले आणि विद्यार्थी असतानाच तिथे माहलरची दुसरी सिंफनी उभी केली. १९७४ मध्ये जॉन प्लेअर आंतरराष्ट्रीय कंडक्टिंग स्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून बोर्नमथमध्ये सहायकाची जागा मिळाली. १९८० पासून बर्मिंगहॅम. तिथे १८ वर्षं, १९९८ पर्यंत. २००२ ते २०१८ बर्लिन फिलहार्मोनिक, मग लंडन सिंफनी २०२३ पर्यंत, आणि त्यानंतर म्युनिकचा बव्हेरियन रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्रा.

या यादीत मला महत्त्वाची वाटतात ती बर्मिंगहॅमची वर्षं. पंचविशीतल्या माणसाने एका मध्यम दर्जाच्या शहरी ऑर्केस्ट्राबरोबर १८ वर्षं काढली, तालमी वाढवून घेतल्या, विसाव्या शतकातलं संगीत नेमाने वाजवलं. १९९१ मध्ये तिथे सिंफनी हॉल उभा राहिला, दोन हजारांहून जास्त आसनांचा. विसाव्या शतकातल्या संगीताकडे त्यांचा ओढा असण्याचं एक कारण मला उघड दिसतं. बेथोवेनपर्यंत तालवादकाला दोन टिंपनी आणि क्वचित झांज एवढंच काम असतं. स्ट्राविन्स्की, बार्टोक, वारेझ, मेसियाँ यांच्याकडे आल्यावर तो ऑर्केस्ट्राच्या मध्यभागी येतो. ज्या संगीतात हा विभाग वाढला, ते संगीत त्याला घरचं असतं. तालाचं माप दर बारला बदलतं, ५/१६ नंतर २/८ नंतर ३/१६, तिथे बहुतेक कंडक्टर घाबरून मोजतात. तालवादक अशी आवर्तनं वळणावळणाने लक्षात ठेवतो.

आता दुसरा अर्धा भाग. इथेच बहुतेक जण अडतात.

तालवादकाचा हात खाली जातो आणि लगेच उसळून वर येतो. काठीने पानाला चिकटून राहणं म्हणजे आवाज मारणं, म्हणून ही उसळी स्नायूंत बसलेली असते. बॅटनमध्ये ती उतरली की ठोका अगदी स्पष्ट दिसतो, हा फायदा. पण संथ, जोडलेल्या सुरावटीत प्रत्येक मात्रेवर ती उसळी आली, की तंतुवाद्यं प्रत्येक मात्रेवर बारीकसा झटका देतात आणि ओळ तुटते. वादकांची चूक नसते, ते जे दिसतं ते वाजवतात. उपाय सरावाचा आहे. चार मात्रांचा आकार हातात असा काढायचा की कुठेही टोक येणार नाही. सराव करताना तोंडाने ताल म्हणायचा नाही, सुरावट गायची. आणि जिथे जमेल तिथे चारऐवजी दोनच मात्रा दाखवायच्या. तालवादकाला मात्रेचे तुकडे दाखवत राहायची खोड असते, त्याने लय नेटकी राहते असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात ऑर्केस्ट्रा जड होतो आणि हळूहळू मागे पडतो. डावा हात उजव्याचीच नक्कल करत असेल तर तो बांधल्यासारखा खिशाजवळ ठेवून सराव करतात.

त्यानंतर गज. वर जाणारा गज आवाज वाढवायला सोयीचा, खाली येणारा गज जोरासाठी. एका गजात किती स्वर येतील यावर आवाजाची ताकद ठरते. कॉन्सर्टमास्टर गज ठरवतो हे खरं, पण कंडक्टरला 'इथे जास्त आवाज हवा' म्हणण्याऐवजी 'इथे गज मध्ये बदला' म्हणता आलं पाहिजे. तसंच श्वास: बासरीवाल्याला कुठे हवा संपते, हॉर्नवाल्याला वरचा स्वर घेण्याआधी किती वेळ लागतो. वाद्यांचं स्वरांतरही: एफ हॉर्न लिहिल्यापेक्षा पंचमाने खाली वाजतो, बी फ्लॅट क्लॅरिनेट एका स्वराने खाली. स्कोअर वाचताना हे डोक्यात चालू राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी पियानोला पर्याय नाही. रॅटल यांना पियानो येत होता ही त्यांच्या वाटेतली सर्वांत निर्णायक गोष्ट आहे असं मी मानतो. तालवाद्यांची कीर्ती जास्त सांगितली जाते, पियानोची कमी.

एक खोड मात्र उलट दिशेची आहे. तालवादक कंडक्टर झाला की झांजेच्या ठोक्याला हमखास हात करतो, कारण त्याला तो क्षण भारी वाटतो. झांजवाल्याला त्या क्षणी हाताची गरज नसते. तो आधीच उभा आहे, जड थाळ्या उचललेल्या आहेत. त्याला हवी असते दोन बार आधी एक नजर, मोजणी बरोबर आहे एवढा दिलासा. ऐन क्षणी मोठा हात आला तर तो दचकून दोन्ही थाळ्या एकदम सपाट भिडवतो, मध्ये हवा कोंडते आणि झणकाराऐवजी 'फप्' असा मेलेला आवाज येतो. थाळ्या एकमेकींवर जराशा सरकवून, एका बाजूची कड आधी टेकेल अशा भिडवाव्या लागतात. त्याला तेवढी मोकळीक दिली पाहिजे.

वादकापासून कंडक्टरपर्यंतचा पूल बहुतेक वेळा सहायकाची जागा हाच असतो. गुस्तावो हिमेनो यांचं उदाहरण घ्या. १९७६ चा जन्म, वालेन्सियाचे, जिथे गावागावात वाद्यपथकं असतात. ते ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ ऑर्केस्ट्रात प्रमुख तालवादक होते. २०१२ मध्ये तिथेच मुख्य कंडक्टर मारिस यान्सोन्स यांचे सहायक झाले. २०१५ ते २०२५ लक्झेम्बर्ग फिलहार्मोनिक, २०२० पासून टोरांटो सिंफनी. सहायकाचं काम दिसायला गौण: तालमीत सभागृहात स्कोअर घेऊन बसायचं आणि मुख्य कंडक्टरला सांगायचं की दुसरी बासरी १४ व्या रांगेत ऐकू येत नाही. पोडियमवर आवाज वेगळा ऐकू येतो, सभागृहात वेगळा, हे तिथे बसूनच पटतं. मुख्य कंडक्टर आजारी पडला तर एका दिवसाच्या सूचनेवर उभं राहायचं, म्हणून त्या आठवड्याचा सगळा कार्यक्रम तयार ठेवायचा.

आणि मंचामागचं वादन सांभाळायचं. माहलरच्या दुसऱ्या सिंफनीच्या शेवटच्या भागात ट्रंपेट, हॉर्न आणि तालवाद्यांचा एक छोटा समूह मंचाबाहेरून वाजवतो. तो सहायकाच्या हाती असतो. पडद्यावर मुख्य कंडक्टर दिसतो, आणि सहायकाला आपला ठोका त्याच्या किंचित आधी द्यावा लागतो, म्हणजे आवाज दाराबाहेरून सभागृहात पोचेपर्यंत मंचावरच्यांशी जुळतो. किती आधी, हे दार किती उघडं आहे आणि समूह किती लांब आहे यावर ठरतं, आणि रिकाम्या सभागृहातला अंदाज भरलेल्या सभागृहात बदलतो. मागच्या रांगेत उमेदवारी केलेल्या माणसाला हा हिशोब नवा नसतो. त्याच भागात पुढे सगळी तालवाद्यं मिळून आवाज शून्यातून प्रचंडापर्यंत नेतात. लिहिलेत मोजकेच बार, पण अनेक कंडक्टर ते बरेच ताणतात. इथे नियम साधा आहे: पहिल्या अर्ध्यात जवळजवळ काहीच वाढवायचं नाही. वादक लवकर वाढवतात, मग वरती जागाच उरत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला कार्ल नील्सनची पाचवी सिंफनी, १९२२ ची. तिच्या पहिल्या भागात साइड ड्रमवादकाला स्वतःच्या वेगळ्या लयीत वाजवून, जणू ऑर्केस्ट्राची वाट अडवायची आहे अशा आवेशाने, आयत्या वेळी सुचेल ते वाजवायला सांगितलं आहे. कंडक्टर एका लयीत, ड्रम दुसऱ्या. तालवादक असलेल्या कंडक्टरला इथे मोह होतो ड्रमला सांभाळून घ्यायचा, त्याच्याकडे बघायचा. तसं केलं की भांडण मिटतं आणि त्या जागेचा अर्थच जातो. नजर तंतुवाद्यांवर ठेवायची, ड्रमकडे पाठ फिरवल्यासारखी.

आपल्याकडचं बोलायचं तर मुंबईच्या झुबिन मेहतांनी व्हिएन्नात डबल बास घेतला होता, तेही मागच्या रांगेचंच वाद्य. हिंदी चित्रपटसंगीतात मूळचे तबलावादक मारुतीराव कीर राहुलदेव बर्मन यांचे सहायक झाले, तर केर्सी लॉर्ड तालवाद्यांपासून ॲकॉर्डियन आणि संयोजनापर्यंत पोचले. स्टुडिओत तालाचा विभाग लावणं हे त्याच जातीचं काम होतं. आज सिंफनी प्रत्यक्ष ऐकायची तर मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. तिकीट काढताना पुढच्या रांगेचा हट्ट सोडा आणि बाल्कनीत बसा. मागचा विभाग तिथूनच दिसतो.

मुंबई, पुणे किंवा पणजीत एखादी मुलगी किंवा मुलगा ड्रम, टिंपनी शिकत असेल आणि कंडक्टिंगची ओढ असेल, तर क्रम असा ठेवावा. पियानो आत्ताच सुरू करावा, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा दोन्ही वाद्यांच्या द्याव्यात. बेथोवेन, ब्राह्म्स, द्वोर्झाक यांचे स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आपली टिंपनीची ओळ वाजवण्याआधी त्याच बारांतली बासची ओळ पियानोवर वाजवून बघावी, मग चार तंतुवाद्यांची. बहुतेक ठिकाणी टिंपनी फक्त षड्ज-पंचमावर असते, त्यामुळे ती कुठे येते यावरून रचनेची मोठी वळणं दिसू लागतात. वर्षभर एखादं तंतुवाद्य, वाईट वाजलं तरी चालेल, पण गज हातात धरून बघावा. गायनवृंदात गावं, म्हणजे श्वासाचं कळतं.

मग माणसं जमवावीत. ४० जणांचा ऑर्केस्ट्रा मिळणार नाही, सात मिळतील. स्ट्राविन्स्कीची 'सोल्जर्स टेल' १९१८ ची, नेमकी सात वादकांची: व्हायोलिन, डबल बास, क्लॅरिनेट, बासून, कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि तालवाद्यं. बासून आपल्याकडे मिळणं अवघड, तेव्हा तालमींपुरती ती ओळ चेलोवर घेऊन चालवावं. तालाची मापं सतत बदलतात, त्यामुळे कंडक्टर लागतोच. पहिली तालीम फक्त व्हायोलिन आणि डबल बासबरोबर घ्यावी, कारण बासचा ठरावीक ठेका चालू असताना व्हायोलिनचं माप वेगळं पडत जातं आणि गोंधळ तिथे होतो. शेवटच्या भागात व्हायोलिन आणि तालवाद्यांची झुंज होते आणि अखेरीस तालवाद्यं एकटी उरतात. ते पान तालवादकाबरोबर वेगळं बसून ठरवावं, बॅटन कोणत्या बारपर्यंत चालवायची आणि कुठून त्याच्यावर सोडायचं.